लोहाची किल्ली

सुकुमारअण्णा न्हाणीत घसरून पडले आणि रत्नप्रभाबाईंना त्यांना उचलता आलं नाही.

त्यांच्या दोन्ही काखांत हात घालून बाईंनी जोर लावला. डोळ्यांपुढे अंधारी आली, कानात भुंगा घुमायला लागला आणि त्या स्वतःच ओल्या फरशीवर बसल्या. पाठ भिंतीला टेकवून धापा टाकत राहिल्या. शेजारी अण्णा, अंगावर अर्धवट साबण, नळाच्या धारेकडे कौतुकानं बघत होते.

"पाणी चांगलं आलंय आज," ते म्हणाले.

शेजारच्या पाटीलवहिनी ताक द्यायला आल्या नसत्या, तर दोघं तिथं किती वेळ बसले असते कोण जाणे. वहिनींनी आणि त्यांच्या सुनेनं मिळून आधी अण्णांना उठवलं, मग बाईंना.

रत्नप्रभाबाई चौगुले म्हणजे सांगलीतल्या एका मुलींच्या शाळेच्या खेळाच्या शिक्षिका. व्हॉलीबॉलमध्ये त्यांच्या संघाला जिल्ह्यात तोड नव्हती. सरावाला उशीर झाला की मैदानाला फेऱ्या मारायच्या आणि बाई स्वतः शेवटच्या मुलीबरोबर धावायच्या. आता वय त्र्याहत्तर. चेहरा पिठासारखा पांढरट, नखं फिकी, जिन्याच्या मधल्या वळणावर थांबल्याशिवाय वर जाता यायचं नाही. लोक म्हणत, वय झालं. बाईही तेच म्हणत.

अण्णा ऐंशीचे. मार्केट यार्डात ते हळदीचे पारखी होते. हळकुंड मोडायचं, त्याचा आवाज ऐकायचा, तुटल्या जागी नाक लावायचं आणि माल कुठल्या भागातला ते सांगायचं. सहा वर्षांपूर्वी त्यांना स्मृतिभ्रंश झाला. आधी नावं गेली, मग रस्ते, मग बायको. बाईंकडे ते परक्या घरातल्या प्रेमळ बाईकडे बघावं तसं बघत. पण खायचे फक्त त्यांच्याच हातचं.

ही गोष्ट नीट कळली ती त्या पडण्यानंतर. बंगळुरूहून त्यांची एकुलती मुलगी चंदना धावत आली. तिनं अण्णांना कुपवाडजवळच्या शांतिसदन नावाच्या केंद्रात ठेवलं. जागा स्वच्छ होती, माणसं चांगली होती. पण अण्णांनी तोंड मिटलं ते मिटलंच. चमचा ओठांशी आला की मान फिरवायचे. शेवटी नळीनं अन्न घालायची वेळ आली तेव्हा बाई म्हणाल्या, "चला, घरी नेऊ." घरी आल्यावर त्यांनी आमटीत कालवलेला भात पुढं केला आणि अण्णांनी लहान मुलासारखा आ केला.

मग चंदनानं छताच्या पट्टीवरून सरकणारी उचल-झोळी बसवून घेतली. यंत्र उत्तम होतं, पण पाय जमिनीवरून सुटले की अण्णा किंचाळायचे. पगारी माणूस मिळणं तर कधीच बंद झालं होतं. गावात म्हातारी माणसं उदंड आणि त्यांना सांभाळायच्या वयाची मुलं पुण्याला, बंगळुरूला, त्याच्याही पलीकडे. बाईंच्या शाळेचे दोन वर्ग मुलींअभावी बंद पडले होते आणि तिथं आता वृद्धांचं दिवसाचं केंद्र चालायचं.

"तू बरी झालीस तरच हे घर चालेल, आई," चंदना म्हणाली. "चल, रक्त दाखवू."

मिरजेच्या एका मोठ्या रुग्णालयात रक्तविकारांच्या विभागाची प्रमुख होती डॉक्टर निखत मुजावर. ती बाईंची विद्यार्थिनी. जाळीजवळ उडी मारून चेंडू अडवण्यात तिचा हात कोणी धरत नसे. बाई आत आल्याबरोबर ती खुर्चीतून उठून उभी राहिली.

"बाई, तुम्ही लोहाच्या गोळ्या घेता?"

"दोन वर्षं घेतेय. पोट बिघडतं, दुसरं काही होत नाही."

"होणारच नाही. तुमच्या अंगात लोह कमी नाहीच. भरपूर आहे." निखतनं पडदा त्यांच्याकडे वळवला. "हे बघा, यकृतात भरून पडलंय. पण हाडांच्या मगजाला, जिथं रक्त तयार होतं तिथं, ते पोचतच नाही. कोठार धान्यानं भरलेलं आणि घरात चूल पेटत नाही, अशी गत."

"का बरं?"

"यकृत एक प्रथिन बनवतं, हेप्सिडिन. ते म्हणजे कोठाराचं कुलूप. ताप आला, जखम झाली, जंतू शिरले की शरीर हे कुलूप लावतं. कारण जंतूंनाही वाढायला लोह लागतं. त्यांना ते मिळू नये म्हणून लपवायचं. आजार गेला की कुलूप निघतं. पण म्हातारपणी अंगात कायम बारीक धग राहते. दाह म्हणतो आम्ही. त्या धगीमुळं कुलूप निघतच नाही. म्हातारपणाच्या पंडुरोगात कितीतरी वेळा कारणच सापडायचं नाही. त्यातल्या बऱ्याच जणांचं कारण हे."

"आणि तू ते काढणार?"

निखतनं टेबलावरच्या बशीतून एक चपटी, चिंचोक्याएवढी वस्तू उचलली. "ही दंडाच्या कातडीखाली बसवायची. ही रक्तातलं हेप्सिडिन सारखं मोजत राहते. वाढलं की त्याला बांधून ठेवणारं औषध थेंबभर सोडते. कुलूप निघतं, लोह बाहेर येतं. तिचं कागदावरचं नाव माझ्याही तोंडात बसत नाही. लोक किल्ली म्हणतात."

किल्ली बसवायला दात काढण्याएवढाही त्रास झाला नाही.

पहिला फरक चंदनाला दिसला, फोनच्या पडद्यावर. "आई, तुझे ओठ लाल झालेत," ती म्हणाली. बाई आरशापुढं गेल्या आणि बराच वेळ तिथंच उभ्या राहिल्या. पुढच्या आठवड्यात त्या जिन्याच्या वळणावर थांबायचं विसरल्या. वर पोचल्यावर लक्षात आलं आणि त्या एकट्याच हसल्या.

मग त्यांनी अण्णांना उचललं. गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून, जसं त्या मुलींना शिकवायच्या तसं. न्हाऊ घालून, अंग पुसून, सदरा घालून खुर्चीत बसवलं. श्वास चढला, पण तो धावल्यावर चढतो तसा, हक्काचा. उचल-झोळी गुंडाळून माळ्यावर गेली.

ते काही महिने खरंच चांगले गेले. सकाळी दोघं आयर्विन पुलापर्यंत चालत जायचे. अण्णा पुलाच्या कठड्याशी थांबून कृष्णेच्या पाण्याकडं बघत उभे राहायचे, बाई त्यांचा हात धरून. एकदा शाळेच्या मैदानावर चेंडू दिसला तेव्हा बाईंना राहवलं नाही. पदर खोचून त्यांनी सर्व्हिस मारली. चेंडू जाळीवरून पलीकडे गेला आणि बाकावरच्या अण्णांनी टाळ्या वाजवल्या. का वाजवल्या ते त्यांना ठाऊक नसणार. तरी बाई घरी येईपर्यंत गालात हसत होत्या.

सगळ्या राज्यात हेच चालू होतं. पंच्याहत्तरीचे लोक शेतात उतरले, बंद केलेली दुकानं त्यांनी पुन्हा उघडली, काहींनी लग्नं केली. 'लाल म्हातारपण' असा शब्द वर्तमानपत्रांनी काढला.

दुसऱ्या वर्षी रुग्णालयातून निरोप आला. किल्ली बसवलेल्या प्रत्येकाची सर्वांगाची तपासणी होणार होती. बाई अण्णांना पाटीलवहिनींकडे बसवून एकट्याच मिरजेला गेल्या. तपासणी झाली. निखत आत आली ती नजर चुकवत. आणि खुर्चीत बसलीच नाही.

"बस," बाई म्हणाल्या. "आणि सरळ सांग."

निखत बसली. "बाई, म्हातारपणी पुष्कळांच्या अंगात कुठंतरी बिघडलेल्या पेशींची गाठ असते. बारीक, झोपलेली. माणूस दुसऱ्याच कशानं तरी जातो आणि ती गाठ झोपलेलीच राहते. आम्हाला वाटायचं, ती आपोआपच झोपते." ती थांबली. "तसं नव्हतं. शरीर तिला उपाशी ठेवत होतं. तिलाही वाढायला लोह हवं असतं. ते कुलूप म्हणजे बिघाड असं आम्ही धरून चाललो. काही लोकांच्या बाबतीत तो बिघाड नव्हता. पहारा होता."

बाईंना कळलं. तरी त्यांनी विचारलं, "माझ्यात कुठं?"

"स्वादुपिंडात. किल्ली बसवली तेव्हा तिथं तांदळाएवढं काहीतरी होतं. त्या वयात ते कितीतरी जणांना असतं म्हणून आम्ही सोडून दिलं. आता ते मोठ्या रक्तवाहिनीला वेढून बसलंय. शस्त्रक्रिया होणार नाही. औषधांना ही जात फारशी दाद देत नाही."

खिडकीबाहेर कोणीतरी चाकांची खाट ढकलत नेत होतं. तिचा आवाज दूर गेला.

"किल्ली आज बंद करता येते," निखत म्हणाली. "मी इथंच, यंत्र दंडावर धरून बंद करते. कुलूप पुन्हा लागेल. गाठ जाणार नाही, पण तिची वाढ जवळजवळ थांबते. ज्यांची बंद केली त्यांच्यात आम्ही ते पाहिलंय. चार वर्षं मिळतील. कदाचित पाच."

"आणि ताकद?"

"पहिल्यासारखं होईल. कदाचित त्याहून थोडं कमीच."

"बाहेरून रक्त भरलं तर?"

"रक्ताची पिशवी म्हणजे लोहाचीच पिशवी, बाई. गाठीलाही तेच जेवण."

"आणि चालूच ठेवली तर?"

निखतला हा प्रश्न नको होता. "एक वर्ष. थोडं इकडंतिकडं. शेवटचे महिना-दोन महिने सोडले तर अंगात बळ राहील. पण बाई, असं कोणी..."

"अण्णांचं किती आहे?"

"काय?"

"आयुष्य. तू त्यांनाही तपासलं आहेस. किती आहे?"

"ते कोण सांगणार? हृदय चांगलं आहे. अशी माणसं कधी वर्षात जातात, कधी पाच-सात वर्षं काढतात."

बाईंनी पिशवी उचलली. "चालू राहू दे," त्या म्हणाल्या.

चंदना दुसऱ्याच दिवशी आली. दारातच चपला काढता काढता तिनं सुरुवात केली. "निखतताईंशी बोलले मी. आपण आत्ता मिरजेला जायचं. आत्ता."

"आधी बस. पाणी घे."

"आई, पाणी नको मला!"

अण्णा खुर्चीत दचकले. बाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. चंदनानं आवाज खाली आणला. "तुझी चार वर्षं तू फेकून देतेयस. कशासाठी?"

"चार वर्षं मी त्या पलंगावर पडून काढायची. आणि ह्यांना कोण बघणार? शांतिसदन? तुझ्या डोळ्यांदेखत सुकत चालले होते ते."

"मी बघेन. मी बंगळुरूला नेते दोघांना."

"मागं नेलं होतंस. सतराव्या मजल्यावर. तुझ्या हातचं खाल्लं त्यांनी?"

चंदनाचे डोळे भरून आले. अण्णांनी तिच्याही हातचं खाल्लं नव्हतं. लिफ्टचं दार उघडून ते दोनदा एकटेच खाली गेले होते. दुसऱ्यांदा पोलिसांनी आणून सोडलं होतं.

"तरी पण," ती म्हणाली. "मला तू आई म्हणून हवी आहेस. अण्णांची नर्स म्हणून नको. तुला बसून राहावं लागलं तरी चालेल. फोनवर बोलशील, भांडशील, एवढंच हवंय मला. आणि तू म्हणतेस हे त्यांच्यासाठी. पण वर्षानं तू गेलीस की पुढं काय? मग कोण भरवणार त्यांना?"

"त्याच्या आत ते जातील."

वाक्य तोंडातून निघून गेलं. अण्णा सदऱ्याचं बटण चाचपत होते.

"आई, काय बोललीस तू हे?"

रत्नप्रभाबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. चहाचं आधण ठेवलं आणि गॅस पेटवायचं विसरून तशाच ओट्याशी उभ्या राहिल्या. आपल्या मनात हे कधीपासून होतं? त्या दिवशी निखतला विचारलं तेव्हापासून? की त्याच्याही आधीपासून? अण्णा आधी जावेत, आपल्या हातचा घास खाऊन जावेत, मागं काही उरू नये. चांगलीच इच्छा होती ती. पण बोलून दाखवल्यावर ती चांगली वाटेना.

चंदना चार दिवस राहिली. जाताना पाया पडली आणि उठली तेव्हा तिनं आईकडं पाहिलं नाही.

उन्हाळ्यात अण्णांच्या अंगातलंही रक्त कमी झालं. त्यांच्या हातांच्या शिरा मेणावर काढल्यासारख्या दिसायला लागल्या. दिवसाचा बराच वेळ ते डोळे मिटून असायचे. बाई त्यांना निखतकडे घेऊन गेल्या.

"कुलूपच आहे त्यांचंही," तपासून निखत म्हणाली. "आता आम्ही फार काळजीनं निवड करतो. पण अण्णांची तपासणी स्वच्छ आहे. झोपलेलं काही नाही. त्यांना किल्ली चालेल." मग ती जरा पुढं झुकली. "आणि बाई, आणखी एक. मेंदूला रक्तातून प्राणवायू मिळायला लागला की काही रुग्णांना थोडं आठवतं. सगळं नाही. पण माणसं ओळखतात. नाव घेतात. काही महिने टिकतं."

बाईंनी अण्णांकडे पाहिलं. ते खुर्चीत कलंडून भिंतीवरच्या यकृताच्या चित्राकडं बघत होते. 'प्रभा' म्हणायचे ते. पूर्ण नाव लांब आहे, तोंडात मावत नाही म्हणायचे. तीन वर्षं झाली असतील ते ऐकून, जास्तच.

"आणि आयुष्य?" त्यांनी विचारलं.

"वाढेल. निश्चितच वाढेल."

"किती?"

"चांगलंच."

बाईंनी कलंडलेल्या अण्णांना सरळ बसवलं. निखतला काय ते कळलं असावं, कारण तिनं पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"नको त्यांना," बाई म्हणाल्या.

निखतनं का म्हणून विचारलं नाही. ती उठली, अण्णांचा हात धरून त्यांना दारापर्यंत घेऊन आली. रिक्षात बसवताना म्हणाली, "बाई, तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं, मला ठाऊक नाही." बाईंना वाटलं, हिनं आपल्याला रागावायला हवं होतं. परतीच्या वाटेवर अण्णांचं डोकं त्यांच्या खांद्यावर कललं. सांगली जवळ आल्यावर बाईंनी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन हळूच म्हटलं, "प्रभा म्हणा. एकदा म्हणा की." अण्णा झोपले होते.

पौष महिन्यात त्यांना न्यूमोनिया झाला. छातीत कफ घरघरायला लागला, अंग भाजायला लागलं. घरचे डॉक्टर येऊन गेले. ते पोक्त गृहस्थ होते, बाईंच्या आजाराचंही त्यांना ठाऊक होतं.

"रुग्णालयात नेलं तर नळ्या घालतील, हात बांधतील," दाराशी उभं राहून ते म्हणाले. "घरी ठेवलं तर औषध आहेच. कफ मात्र काढत राहावा लागेल. नाही निघाला तर..." त्यांनी खांद्यावरची पिशवी सारखी केली. "आणि रत्नप्रभाताई, नाही निघाला तरी तुम्हाला कोणी बोल लावणार नाही. लक्षात येतंय ना?"

बाईंच्या लक्षात आलं. त्या पलंगाजवळ खुर्ची ओढून बसल्या. दुपारची वेळ. रस्त्यावर भांड्यांना कल्हई करणाऱ्याची हाळी ऐकू येत होती, खिडकीतून ऊन अण्णांच्या पायांवर पडलं होतं. इतकं सोपं होतं. नुसतं बसायचं होतं. आपल्या हातचाच घास खाऊन, आपल्याच घरात, आपल्यादेखत ते गेले असते. मग संध्याकाळी निखतला फोन करायचा आणि म्हणायचं, ये, किल्ली बंद कर. चंदनाला हवी तशी आई मिळाली असती, दोन-तीन वर्षं तरी.

अण्णांचा श्वास अडकला. त्यांनी डोळे उघडले. डोळ्यांत भीती होती, कुठल्याही प्राण्याला वाटते तशी साधी भीती. त्यांचा हात हवेत काहीतरी शोधायला लागला.

बाई उठल्या. उठावं असं त्यांनी ठरवलं नव्हतं. अण्णांना कुशीवर वळवून, डोकं खाली घेऊन, हाताचा खळगा करून त्या पाठीवर थापट्या मारायला लागल्या. खालून वर, खालून वर. कफ निघाला. पुसला. पुन्हा वळवलं. वाफ दिली, बसवलं, पुन्हा थापट्या. किल्ली बसवण्याआधी त्यांना हे अर्धा तासही जमलं नसतं. आता हात थकत नव्हते. दंडातून लाल, ताजं रक्त धावत होतं आणि हात चालत होते. संध्याकाळी अण्णांना घाम फुटला, ताप उतरला. त्यांनी पेज मागितली आणि वाटीभर खाल्ली.

त्यांना झोप लागल्यावर बाई मागच्या गॅलरीत गेल्या आणि रडल्या. नवरा वाचला म्हणून हे रडू नव्हतं. हे त्यांना समजत होतं आणि त्यामुळं ते आणखीनच थांबेना.

वसंत पंचमीच्या सुमारास बाईंच्या अंगाला खाज सुटली. मग डोळे पिवळे झाले, मग तळहात. एक दिवस भरवताना अण्णांनी त्यांचा हात धरला, बोटं उजेडात धरून निरखली, नाकाशी नेली.

"राजापुरी हळद?" ते पुटपुटले. "चांगला माल आहे."

बाईंनी बोटं सोडवून घेतली आणि पुढचा घास केला.

त्यानंतर सगळं निखतनं सांगितल्याप्रमाणं झालं. बळ एकदम गेलं. एका आठवड्यात अण्णांना न्हाऊ घालणं सुटलं, दुसऱ्यात उठवणं. पाठीतली कळ पोटात यायची आणि बाई ओट्याला धरून उभ्या राहायच्या. निखत घरी आली, यंत्र दंडावर टेकवून तिनं किल्ली बंद केली. आता त्याचा काही उपयोग नाही हे दोघींना माहीत होतं. तरी निखतनं दंडावर बराच वेळ हात ठेवला.

चंदना रजा काढून आली. भांडण आता कुणातच उरलं नव्हतं. तिनं आईला पलंगावर झोपवलं, वडिलांना शांतिसदनात नेलं. घरी आली आणि आईच्या पायाशी बसली.

"खाल्लं का?" बाईंनी विचारलं.

"अजून नाही. खातील."

पुढचे दोन दिवस बाईंनी फक्त हाच प्रश्न विचारला. तिसऱ्या दिवशी चंदना 'खाल्लं' म्हणाली तेव्हा त्या म्हणाल्या, "मला खोटं वाटतं. मला ने तिथं."

निखतनं रुग्णवाहिका मिळवून दिली. चाकांच्या खुर्चीतून चंदनानं आईला आत नेलं. लांब, उजेडाची खोली होती. खिडकीपाशी अण्णा बसले होते. एक तरुण, अनोळखी बाई त्यांना खिमटी भरवत होती. ती चमचा पुढं करायची, अण्णा तोंड उघडायचे. गिळायचे. पुन्हा उघडायचे. मान फिरवत नव्हते. कोण भरवतंय तिकडं बघतही नव्हते. भरवणारा हात कुणाचा, हा शेवटचा फरकही त्यांच्या मनातून पुसला गेला होता.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"आल्यापासूनच, आजी," ती तरुण बाई हसून म्हणाली. "पहिल्या दिवशीच पोटभर जेवले. काही त्रास नाही बघा."

चंदना तोंडावर हात धरून भिंतीकडं वळली. तिनं दोन दिवस हेच आईपासून लपवलं होतं.

बाईंनी खुणेनं खुर्ची जवळ न्यायला सांगितलं. अण्णांनी वळून पाहिलं. चेहरा तजेलदार दिसत होता. दाढी कोणीतरी नीट केली होती.

"या," ते अदबीनं म्हणाले. "कुणाकडं आलात?"

"तुमच्याकडंच. सहज."

"बरं केलंत." त्यांनी बाईंच्या पिवळ्या चेहऱ्याकडं, काठीसारख्या मनगटांकडं पाहिलं. कपाळाला आठी पडली. "तुमची तब्येत बरी दिसत नाही."

"हो. जरा बरं नाही."

"घरी बघायला आहे कोणी?"

"मुलगी आहे."

"आणि मालक?"

रत्नप्रभाबाईंनी एकदा खिडकीबाहेर पाहिलं. मग त्यांच्याकडं.

"ते फार आजारी होते," त्या म्हणाल्या. "आता बरे आहेत."

"मग झालं तर," अण्णा म्हणाले आणि पुढच्या चमच्यासाठी त्यांनी तोंड उघडलं.